स्पीडमास्टरचे फोटो स्वतःच काढा

ओमेगा स्पीडमास्टर या मनगटी घड्याळावर हौसेनं वेबसाइट करायचीय, तर फोटो कंपनीचेच वापरावेत का, असं तुम्ही विचारलंत. अजिबात नको. हक्कांचा प्रश्न आहेच, पण त्या फोटोंत घड्याळ नवंकोरं असतं. शौकिनांना बघायचं असतं वर्षानुवर्षं मनगटावर राहिलेलं.

माझे मामा बोटीवर होते. त्यांचं जुनं स्पीडमास्टर आता म्हापशात माझ्याकडे आहे. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी बाल्कनीत त्याचे फोटो फार सुंदर येतात, काचेवर चमक उठत नाही. काच म्हणजे खरं तर प्लास्टिक, हेसालाइट. तिच्या मधोमध कोरलेलं ओमेगाचं इवलंसं चिन्ह तिरक्या उजेडातच सापडतं. बेझलवरचा, म्हणजे काचेभोवतीच्या आकडे असलेल्या कड्यावरचा, ९०पाशी असलेला ठिपकाही जवळून टिपा. जुन्या बेझलवर तो आकड्याच्या वर असतो, नंतरच्यांवर बाजूला. जाणकारांची नजर आधी तिथेच जाते.

नासानं अंतराळवीरांसाठी १९६५ साली या घड्याळाला दिलेली मान्यता, १९६९ची चांद्रमोहीम, हे दोन ओळींत उरका. ते सगळीकडे आहे. त्यापेक्षा साइटवर घड्याळाच्या टिकटिकीचा आवाज ठेवा! १९६८ साली घड्याळाच्या आतल्या ३२१ या यंत्राच्या जागी ८६१ आलं. ३२१ सेकंदाला पाच ठोके देतं, ८६१ सहा. दोन्ही शेजारीशेजारी ऐकवलेत तर फरक कानालाच कळेल.

आणि कॅमेऱ्याची लेन्स सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. आपल्या दमट हवेत तिला बुरशी धरते.