बाबांच्या तळव्याची जखम भरतच नाहीये, कुठलं मलम किंवा ड्रेसिंग चांगलं?

भिंगरी:
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होईल, सांभाळून घ्या. बाबा ६८ वर्षांचे, शुगर २० वर्षं झाली. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला जखम आहे, दोन महिने होत आले. आधी तिथे नुसता घट्टा होता, तो कधी फुटला कळलंच नाही, मोज्याला डाग दिसला म्हणून पाय उलटा करून बघितला. नखाएवढी आहे पण खोल वाटते, कडा पांढऱ्या आणि जाड. रोज आयोडीनने पुसते, वर अँटिबायोटिकची पावडर, गॉज, पट्टी. मधे ते फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइडही वापरलं. गोळ्यांचे दोन कोर्स झाले. दुखत अजिबात नाही, त्यामुळे बाबा निवांत, घरभर आणि बाहेरही फिरतात. आता कुणी सिल्व्हरचं मलम सांगतं, कुणी कोलॅजन, कुणी मध. स्वतः वापरलेलं काही असेल तर सांगा ना. आणि रात्री उघडी ठेवू का?

चकवा:
उघडीच ठेवा रात्री. वारा लागला की सुकते, खपली धरते, दोन दिवसांत फरक. आमच्याकडे सगळ्यांच्या जखमा अशाच बऱ्या झाल्या.

रात्रपाळी:
चकवा, खरचटलेल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी हो. १४ वर्षं सर्जिकल वॉर्डात नर्स आहे म्हणून जरा ठासून लिहिते. भिंगरीताई, मलमाचं नंतर बघू, आधी तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं जे सहज लिहून गेलात ते म्हणजे "दुखत नाही आणि फिरतात". शुगरने पायाच्या नसा बधिर झाल्या की पाय ओरडत नाही, माणूस जखमेवरच वजन टाकून चालत राहतो, आणि तुम्ही सकाळी केलेलं ड्रेसिंग दुपारपर्यंत त्याच जागी हजार वेळा चिरडलं जातं. मग वर सोनं लावलं तरी काय होणार? तळव्याच्या अशा जखमेला पहिला इलाज म्हणजे तिथला दाब काढणं. त्यासाठी गुडघ्यापर्यंत एक खास प्लास्टर घालतात, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात त्याला, वजन सगळ्या पायावर आणि पोटरीवर वाटलं जातं. ते नसेल तर काढता न येणारा गुडघ्यापर्यंतचा बूट. काढता येणारा दिला की पेशंट घरात काढून ठेवतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की सांगायची सोय नाही.

त्या जाड पांढऱ्या कडा म्हणजे घट्टाच आहे, तो स्वतः दाब देतो. डॉक्टर ब्लेडने तासतात, मेलेलं मांसही काढतात, रक्त येईपर्यंत. बघायला भयंकर वाटतं पण तिथूनच जखम भरायला सुरुवात होते. घरी ब्लेड चालवू नका, कृपा करा.

दुसरं, रक्त पोचतंय का? घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर घेऊन भागाकार करतात, एबीआय. ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा धरतात. पण शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे आकडा खोटाच छान येऊ शकतो, म्हणून पायाच्या बोटाचं प्रेशरही मोजा म्हणावं. तिसरं, डॉक्टर निर्जंतुक सळईने तळ चाचपतील, हाडाला टक् लागलं तर हाडात इन्फेक्शन असायची शंका, मग एक्सरे. पेरॉक्साइड आजच बंद करा, ते नवीन पेशींनाही जाळतं. धुवायला सलाइन पुरे.

आणि लाली पसरायला लागली, पू, वास, ताप, पाय गरम झाला किंवा काळा पडायला लागला तर वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल.

चकवा:
बरं बाई, हरलो. पण मग खपली वाईट का? लहानपणापासून ऐकतोय.

रात्रपाळी:
हरण्याचं काही नाही, माझी आजीही हेच सांगायची. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर नावाच्या माणसाने डुकरांच्या जखमांवर प्रयोग केला होता, काही उघड्या ठेवल्या, काहींवर प्लास्टिकची फिल्म. झाकलेल्या ओलसर जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कोरड्या खपलीखालून नवीन पेशींना वाट काढत सरकावं लागतं, ओलाव्यावर त्या सरळ सरकतात. पण ओलसर म्हणजे चिंब नाही हां, लस फार येत असेल तर ती शोषणारं फोम किंवा अल्जिनेटचं ड्रेसिंग, कोरडी असेल तर जेल. एक अपवाद, टाचेवर सुकी, काळी, घट्ट बसलेली खपली असेल आणि आजूबाजूला लाली किंवा पू नसेल, तर तिला हात लावायचा नाही, तशीच कोरडी ठेवायची.

चांदणचुरा:
आईला घोट्याच्या वर आतल्या बाजूने जखम होती, आठ महिने मलमं बदलत बसलो, शेवटी एकाने पाय बघून सांगितलं की शिरांचं काम आहे, रक्त वर चढत नाही. थरांचं घट्ट बँडेज बांधायला लागले, आणि जे आठ महिन्यांत झालं नाही ते अकरा आठवड्यांत झालं. मलम? साधी न चिकटणारी जाळी, बस. पण बांधायच्या आधी त्यांनी एबीआय केलं होतं, रक्तपुरवठाच कमी असेल तर घट्ट बँडेजने पाय जाऊ शकतो म्हणे, म्हणून वाचून घरी बांधू नका कोणी.

खडूस_म्हातारा:
विषय निघालाच आहे तर, आमची मावशी अंथरुणाला खिळलीय, माकडहाडावर लाल झालंय. रिंगची उशी आणू का?

रात्रपाळी:
नको, रिंगने कडेवर दाब येतो आणि मधलं रक्त अडतं. बोटाने दाबून बघा, लाली पांढरी होत नसेल तर बेडसोरची सुरुवात झालीय. कूस बदलत राहा, फोमची किंवा हवेची गादी, टाचा उशीवर अशा की हवेत तरंगल्या पाहिजेत. लाल जागी चोळू नका. वेगळा धागा काढा, इथे भिंगरीताईंचा विषय चिरडेल.

भिंगरी:
बारा दिवसांनी आलेय. पायाच्या डॉक्टरांकडे गेलो. नायलॉनचा धागा पायाला टोचून विचारलं कळतंय का, बाबा म्हणाले टोचलंच कुठे. मला तिथेच रडू आलं. रक्तपुरवठा ठीक, हाडाला लागलेलं नाही. घट्टा तासल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसायला लागली, मी घाबरलेच, पण ते म्हणाले ही खरी साइज. कास्ट घातलाय, पहिला तीन दिवसांत बदलला, आता आठवड्याने. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढतेय, चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर पुन्हा सगळं तपासू म्हणालेत. अँटिबायोटिकच्या गोळ्या बंद, इन्फेक्शन नसताना कशाला देऊ म्हणाले. मलमाचं नावच काढलं नाही त्यांनी, आणि मी इथे त्याच्यासाठीच धागा काढला होता.

बाबा मात्र कास्टवर भयंकर चिडलेत, एक पाय उंच झाला म्हणून कंबर दुखते म्हणतात. आंघोळीला पिशवी बांधतोय ती गळते. काही युक्ती?

चांदणचुरा:
दुसऱ्या पायाच्या बुटाला जाड सोल लावून घ्या, उंची सारखी झाली की कंबर थांबते. आंघोळीला कास्टसाठी रबरी तोंडाचं कव्हर मिळतं ते घ्या, आणि तरी कास्ट आतून भिजला असं वाटलं तर वाळायची वाट बघू नका, लगेच फोन करून बदलून घ्या.