मदत हवी आहे: गणित आणि क्वांटम माहितीशास्त्र यांच्या सीमेवर पीएचडी फेलोशिप, अर्ज कुठल्या विभागात टाकावा?

शून्यसंच

नमस्कार मंडळी,

पदव्युत्तर गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंध ऑपरेटर अल्जिब्रामध्ये (बहुधा अनंत मितीतल्या मॅट्रिक्ससारख्या ऑपरेटरांचं बीजगणित), त्यातही कंप्लीटली पॉझिटिव्ह मॅपवर (मोठ्या प्रणालीचा भाग म्हणून घेतले तरी धनात्मकता जपणारे मॅप). या मॅपची रचना सांगणारं स्टाइनस्प्रिंगचं १९५५ सालचं प्रमेय आणि चोईचा १९७५ चा निकाल आम्ही निव्वळ फंक्शनल अ‍ॅनालिसिस म्हणून शिकतो. क्वांटम माहितीवाले मात्र हे दोन्ही रोज वापरतात, कारण त्यांचं चॅनल (क्वांटम अवस्था पाठवताना तिच्यात होणारा बदल) म्हणजे आमचाच मॅप, वर ट्रेस जपण्याची अट. त्यात 'एमआयपी-स्टार बरोबर आरई' या २०२० सालच्या निकालाबद्दल वाचलं (एमआयपी-स्टार: क्वांटम नात्याने जोडलेल्या पुरावेदारांना प्रश्न विचारून तपासता येणारे प्रश्न; आरई: ज्यांचं 'हो' हे उत्तर संगणक कधी ना कधी शोधू शकतो असे प्रश्न). कोणता संवादी पुरावा कोण तपासू शकतं, अशा संगणनाच्या प्रश्नातून गणितज्ञ कॉन यांचा १९७६ पासून अडलेला एम्बेडिंगचा प्रश्न (ठरावीक ऑपरेटर अल्जिब्रा मॅट्रिक्सनी हवे तितके जवळून गाठता येतात का) निकाली निघाला, तोही नकारार्थी! तेव्हापासून संशोधन याच पट्ट्यात करायचं हे पक्कं आहे.

घोडं अडलंय ते फॉर्मवर. जवळजवळ प्रत्येक फेलोशिप 'मुख्य विषय' एकच विचारते. गणित लिहावं तर परीक्षक म्हणणार, हे तर भौतिकशास्त्र. क्वांटम लिहावं तर माझ्या गुणपत्रिकेत क्वांटम मेकॅनिक्सचा एकही पेपर नाही, प्रयोगशाळेचं तर नावच नको. एका ठिकाणी मेल करून विचारलं, तर 'अर्जदाराने योग्य तो विषय निवडावा' असं उत्तर आलं. धन्यवाद म्हणायचं आणि काय!

एनएसएफची (अमेरिकेची राष्ट्रीय विज्ञान निधी संस्था) ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप अमेरिकी नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठीच आहे, त्यामुळे ती यादीतून गेली. नागरिकत्वाची अट नसलेलं काय आहे? आणि भौतिकशास्त्राची पदवी नसणं खरंच इतकं आड येतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

टेन्सर

तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात करताय. आधी फेलोशिप नको, आधी माणसं शोधा. अर्काइव्हवर (शोधनिबंधांचं खुलं संकेतस्थळ) क्वांट-पीएच (क्वांटम भौतिकशास्त्र) आणि ऑपरेटर अल्जिब्रा अशा दोन्ही वर्गांत टाकलेले गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर काढा. लेखक कुठल्या विभागात बसतात ते बघा आणि आभाराचा परिच्छेद नक्की वाचा. पैसा कुठल्या निधीतून आला हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. कुठल्याही यादीपेक्षा हे जास्त कामाचं.

'मुख्य विषया'बद्दल माझं मत: तुमचा अर्ज कोण वाचणार, यावरून ठरवा. तुमचा निकाल प्रमेयाच्या रूपात येणार असेल तर गणितच लिहा, बिनधास्त. हेस्टिंग्जने २००९ मध्ये अ‍ॅडिटिव्हिटीचं अनुमान (दोन चॅनल एकत्र वापरल्याने जास्तीचा फायदा होत नाही, अशा अर्थाचं) खोडलं ते रँडम चॅनल घेऊन, आणि आज त्या विषयावर संभाव्यताशास्त्रवाले आणि बानाख स्पेसवाले (फंक्शनल अ‍ॅनालिसिसमधले) आनंदाने काम करतात. त्यांना कोणी प्रयोगशाळेचे गुण विचारत नाही. फक्त संशोधन-प्रस्तावात 'क्वांटम तंत्रज्ञान जग बदलणार आहे' छाप पहिला परिच्छेद घालू नका. गणिताचा परीक्षक तिथेच वाचणं सोडतो.

ठिकाणं म्हणाल तर कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात प्युअर मॅथ किंवा कॉम्बिनेटोरिक्स अँड ऑप्टिमायझेशन विभागात राहूनच क्वांटम इन्फर्मेशनची जोड असलेली पीएचडी करता येते. तुमचा फॉर्मचा पेच तिथे उरतच नाही. कोपनहेगनचं क्यूमॅथ केंद्र तर गणित विभागातच आहे. अ‍ॅमस्टरडॅमचं क्यूसॉफ्ट हे क्वांटम सॉफ्टवेअरचं केंद्र संगणनाकडे झुकलेलं, पण तुमच्या एमआयपी-स्टारच्या ओढीला जवळचं.

कोहम्

युरोपातली मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्क्स बघाच. नागरिकत्वाची अट नाही, आणि ही शिष्यवृत्ती नसून रीतसर नोकरीचा करार असतो. अट निराळी आहे: भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या नसाव्यात आणि पीएचडी आधीच झालेली नसावी. म्हणजे आधी तिथे मास्टर्स करू, मग तिथेच हे घेऊ, असा बेत असेल तर तो फसतो. अर्ज एका केंद्राकडे जाणार नाही, प्रत्येक नेटवर्क आपापल्या जागांची जाहिरात देतं. युरॅक्सेसवर (युरोपातल्या संशोधनाच्या जागांचं संकेतस्थळ) लक्ष ठेवा.

बोर_मॉडेल

टेन्सर यांच्याशी निम्मा सहमत. प्रयोगशाळा नको, ठीक. पण भौतिकशास्त्राकडे पाठ फिरवून चालणार नाही. मुलाखतीत 'हा चॅनल कुठल्या प्रकारचा नॉइज दाखवतो' असं विचारलं आणि तुम्ही फक्त क्राउस ऑपरेटर (चॅनल लिहिण्याचे मॅट्रिक्स) मांडलेत, तर भौतिकशास्त्र कच्चं आहे हे समोरचा समजून जातो. सुरुवात क्वांटम एरर करेक्शनपासून (क्वांटम माहितीत नॉइजमुळे होणाऱ्या चुका दुरुस्त करणं) करा. त्यातला स्टॅबिलायझर कोड म्हणजे दोन घटकांच्या फील्डवरच्या व्हेक्टर स्पेसमधली, सिम्प्लेक्टिक फॉर्मच्या दृष्टीने स्वतःशीच काटकोनात असलेली सबस्पेस. गणितवाल्याला यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि भौतिकशास्त्र आपसूक अंगवळणी पडतं.

नवशिका_२

धाग्यात घुसतोय, माफ करा. मी अजून पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्यासारख्यांसाठी काही आहे का?

टेन्सर

@नवशिका_२, वॉटर्लूच्याच इन्स्टिट्यूट फॉर क्वांटम कॉम्प्युटिंगची यूएसईक्यूआयपी ही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची उन्हाळी शाळा आहे. दोन आठवडे व्याख्यानं आणि प्रत्यक्ष प्रयोग. नंतर संशोधन-सहायक म्हणून राहण्याची संधीही काहींना मिळते. बाकी वेगळा धागा काढ, इथे शून्यसंचचा प्रश्न बाजूला पडेल.

शून्यसंच

सगळ्यांचे मनापासून आभार. आभाराचा परिच्छेद वाचायचं डोक्यातच आलं नव्हतं, आज रात्री तेच काम. बोर_मॉडेल, नॉइजचा मुद्दा बोचला, पण पटला.

आता एक शेवटची शंका. मला शिफारसपत्रं देऊ शकतील असे तिघंही शुद्ध गणितातले प्राध्यापक आहेत. तिन्ही पत्रं गणितातलीच गेली तर चालेल, की ओळख नसली तरी एखादं क्वांटमवाल्याचं मिळवावं?

टेन्सर

ओळख नसलेल्याचं पत्र अजिबात नको. 'विद्यार्थिनी हुशार आहे' यापुढे तो काय लिहिणार? तिघांपैकी ज्यांनी तुमचा प्रबंध ओळ न ओळ वाचलाय, त्यांना चोईच्या निकालाचा चॅनलशी असलेला संबंध पत्रात दोन वाक्यांत लिहायला सांगा. संशोधन-प्रस्तावाचा मसुदाही त्यांना आधीच द्या, म्हणजे पत्र आणि प्रस्ताव एकाच दिशेने बोलतील. मसुदा इथे टाकलात तर मीही बघेन.