'गुप्त', 'गोपनीय' आणि 'फुटला'

आमच्या कुडाळच्या साप्ताहिकात परवा धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या तपासणी अहवालाची बातमी लागली. पहिल्या पानावर तांबडा शिक्का. मात्रा उमटलीच नव्हती, त्यामुळे 'गापनीय'. मी मथळा दिला, 'गुप्त अहवाल फुटला'. संपादकांनी दोन्ही शब्द खोडले आणि चहाला गेले. गुप्त आणि गोपनीयमध्ये फरक तो काय? आणि 'फुटला' का नको?

— फरक प्रत्ययात आहे. 'गुप्' म्हणजे राखणे. आपल्याकडचा राखणदार करतो तेच. गुप्त म्हणजे राखलेलं, झाकलेलं. काम होऊन गेलेलं. गोपनीय म्हणजे राखण्याजोगं. वंदनीय, शोचनीय, तसंच. 'जोगं' आलं की कुणीतरी ते ठरवलेलं असतं, म्हणजे शिक्का हे एका साहेबाचं मत. शिवाय सरकारी उतरंडीत 'गुप्त' हा 'गोपनीय'च्या वर बसतो. तुम्ही बंधाऱ्याला फुकटची बढती दिलीत!

सरकारी गुपितं फोडण्याबद्दलच्या कायद्याचं मराठी नाव 'शासकीय गुपिते अधिनियम, १९२३'. गुपित म्हटलं की मला आजीच्या ट्रंकेतल्या पाटल्या आठवतात, पण इथे तुरुंग आहे. कलम ५ मध्ये कागद देणाराच नव्हे, घेणाराही सापडू शकतो. आणि गुपित कशाला म्हणायचं, याची व्याख्या मात्र त्या कायद्यात नाही.

— काका, आम्ही श्रीवर्धनकडचे. १९९३ साली शेखाडीला आरडीएक्स उतरलं, ते गाव आमच्या शेजारचं. गस्तीची बोट किती वाजता कुठल्या खाडीत असते, हे उद्या कुणी छापलं तर त्याला मी तरी पत्रकारिता म्हणणार नाही.

— मीही नाही म्हणणार. तिथे 'फुटली'च म्हणा. फोडणे या शब्दाला फितुरीचा वास आहे: किल्ल्यातला माणूस फोडतात, परीक्षेचा पेपर फोडतात. म्हणून 'अहवाल फुटला' लिहिलं की वाचणारा आधी चोर शोधतो, अहवालात काय आहे ते मागाहून. राफेल विमानांच्या खरेदीच्या खटल्यात २०१९ मध्ये हेच झालं. वर्तमानपत्रात छापलेली कागदपत्रं 'चोरीला गेली' असं सरकारी वकिलांनी आधी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, दोन दिवसांनी म्हणाले, चोरी नव्हे, छायाप्रती वापरल्या. न्यायालयाने १० एप्रिलला सरकारचा आक्षेप फेटाळला आणि ते कागद विचारात घ्यायचे ठरवले.

बंधाऱ्यात दगड किती नि माती किती, याला आपला शब्द 'चव्हाट्यावर आणणे'. घाटावर ती नुसती म्हण असेल. आपल्याकडे चव्हाटा ही जागा आहे, तिथे देव आहे, गाऱ्हाणं घालतात. माहिती अधिकार कायद्याचं (२००५) कलम ८(२) जवळपास हेच सांगतं: उघड करण्यातलं लोकहित नुकसानीपेक्षा जड असेल, तर १९२३ चा कायदा आड येऊ न देता माहिती देता येते. बोटीची वेळ त्या तराजूत टिकणार नाही, बंधारा टिकावा.

— मग मथळा काय द्यायचा होता?

— 'गोपनीय शिक्क्याचा बंधारा अहवाल चव्हाट्यावर'. लांब आहे, दोन ओळींत बसवा. आणि संपादकांनी 'फुटला' खोडला तो बहुधा व्युत्पत्तीसाठी नव्हे. बंधाऱ्याच्या बातमीत, तेही आषाढात, 'फुटला' वाचून अर्धी वाडी भांडीकुंडी घेऊन देवळात गेली असती.