कुत्र्याची छत्री, बिलाडीनो टोप आणि अळंबी : एकच की वेगवेगळे?

प्रश्न : आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. परवाच्या पावसानंतर सोसायटीच्या हिरवळीवर ताटलीएवढी पांढरी छत्री उगवली आहे. वर तपकिरी खवले, देठाला कडं. आई म्हणते कुत्र्याची छत्री, शेजारच्या बेन म्हणतात बिलाडीनो टोप आणि रत्नागिरीची मावशी फोनवर म्हणाली, "अगं, अळंबी ती, भाजी कर." तिघी एकाच वस्तूबद्दल बोलतायत का?

उत्तर : नाही, ताई. आधी एक सांगतो, ती भाजी करू नका.

'भूछत्र' हा सरसकट शब्द, त्यात सगळ्या छत्र्या आल्या. 'कुत्र्याची छत्री' म्हणताना मात्र ही खायची नाही, असं बहुधा मनात असतं. गुजरातीत कुत्र्याच्या जागी मांजर आलं, पण वापर तोच. आपण 'कुत्र्याच्या छत्र्यांसारखे क्लास निघाले' म्हणतो, तिथे ते 'बिलाडीना टोपनी जेम' म्हणतात.

'अळंबी' हा खाण्याचा शब्द. जुन्या वळणाने एक अळंबे, चार अळंबी. आता 'ती अळंबी' असं एकवचनही रूढ आहे, आणि शेतीच्या पुस्तकांत लागवडीच्या जातींना 'अळिंबी' लिहितात. कोकणात पावसाळ्यात अळंबी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वारुळावरची येते. वाळवी जमिनीखाली जी बुरशी पोसते, तिचीच ती छत्री. देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला असतो. मावशींचा शब्द त्यांच्या जागी अगदी बरोबर आहे, पण तो तुमच्या हिरवळीला लावता येत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा दाट संशय येतो. पावसानंतर हिरवळीवर येणारी ही मोठी विषारी छत्री. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. छत्रीखालच्या पात्या कोवळेपणी पांढऱ्या असतात, म्हणून फसगत होते. पुढे त्या हिरवट-राखाडी होतात. देठ काढून छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाडगा झाका, रात्रभर राहू द्या. बीजाणूंची, म्हणजे छत्रीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांची, पूड कागदावर पडेल. ती हिरवट असली तर हीच ती विषारी छत्री. नंतर हात धुवा.

दुसरं उत्तर : आमच्याकडे भाजीत चांदीचा चमचा घालून बघायचे. काळा पडला तर विषारी.

पहिले उत्तरकर्ते : काका, कृपा करून ही परीक्षा कुणाला सांगू नका. चमचा काळा न पाडणाऱ्या छत्र्याही प्राणघातक असतात. भाजीत लसूण घालून तो काळा पडतो का बघतात, त्या परीक्षेचीही तीच गत.

प्रश्नकर्ती : कागद उचलला. पूड हिरवट आहे! सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावायची आहे, कोणता शब्द लिहू?

उत्तर : मग संशय उरला नाही. 'बिलाडीनो टोप' आणि 'कुत्र्याची छत्री' दोन्ही लिहा, पुढे 'विषारी, खाऊ नये, मुलांना हात लावू देऊ नये'. 'अळंबी' लिहू नका. कोकणातलं कुणी वाचलं तर पिशवी घेऊन खाली येईल.