महामार्गात जमीन गेली, निवाड्यात दर कमी धरलाय. पैसे उचलावेत का?

शिवार_बार्शी
सुरत-चेन्नई ग्रीनफिल्ड महामार्गात बार्शी तालुक्यातली 40 आर जमीन जातेय. दर जिरायतीचा धरलाय. विहीर आली, पण डाळिंबाची बाग आणि पाइपलाइन निवाड्यात नाही. पैसे उचलले तर वाढीव मोबदल्याचा हक्क जातो का? कलम 64 चा अर्ज कुठे द्यायचा?

गटनंबर
2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 64 इथे चालत नाही. संपादन 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली आहे. मोबदल्याचं गणित 2013 च्या कायद्याप्रमाणे होतं, दाद मात्र 1956 च्या कायद्याच्या 3जी(5) खाली केंद्राने नेमलेल्या लवादाकडे मागायची.

पैसे खुशाल उचला. पावतीवर 'हक्क राखून, हरकतीसह स्वीकारत आहे' असं लिहा, तसंच पत्र देऊन आवक शिक्क्याची पोच घ्या. छापील संमतीपत्र पुढे केलं तर पूर्ण वाचल्याशिवाय सही नको. 'पुढे दाद मागणार नाही' हे वाक्य बहुतेक खाली कुठेतरी असतं.

सूची_दोन
दराइतकंच बागेकडे बघा. 100 टक्के दिलासा रक्कम (मोबदल्याइतकीच जादा रक्कम) जमिनीबरोबर झाडं, विहीर, बांधकाम यांवरही मिळते. म्हणजे 3 लाखांची झाडं सुटली की 6 लाख गेले. (वर्षाला 12 टक्के दराने मिळणारी वाढीव रक्कम तेवढी जमिनीच्या बाजारमूल्यावरच असते.) संयुक्त मोजणीचा तक्ता आणि पंचनाम्याची नक्कल आधी काढा. बाग 3ए अधिसूचनेच्या (जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या) आधीची आहे हे दाखवावं लागेल: ई-पीक पाहणीच्या नोंदी, ठिबक अनुदानाची कागदपत्रं, मोटारीचं वीजबिल, तारखेसह उपग्रह छायाचित्र. नुसत्या तोंडी साक्षीवर लवाद सहसा दर वाढवत नाही. हेच कागद जिरायतीचं बागायत धरून घ्यायलाही लागतात.

दरासाठी दुय्यम निबंधकाकडून सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) काढा. 3ए ज्या वर्षी निघाली त्याच्या आधीच्या 3 वर्षांतली, आपल्या आणि लगतच्या गावांतली खरेदीखतं घ्या. त्यांतली सर्वांत जास्त दराची निम्मी खतं निवडून सरासरी काढायची, असं 2013 च्या कायद्याचं कलम 26 म्हणतं. बक्षीसपत्र, वाटणीपत्र घालू नका. गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या प्लॉटचा दर दाखवला तर विकासखर्चाची वजावट होते. मोठ्या शेतांची खतं शोधा. बाजारमूल्याला ज्याने गुणतात तो गुणांक 1 लावलाय की 2, आणि कोणत्या अधिसूचनेवरून, तेही निवाड्यात तपासा.

शिवार_बार्शी
दोघी बहिणींची नावं सातबाऱ्यावर नाहीत. त्यांनी हरकत घेतलीय.

गटनंबर
मग वाटणीचा वाद 3एच(4) खाली जिल्हा न्यायालयात जाईल आणि रक्कम अडकेल. आपसात हिस्से ठरत असतील तर वारस फेरफार करून सगळ्यांच्या सहीचं हिस्सापत्र सक्षम प्राधिकाऱ्याकडे (निवाडा करणाऱ्या भूसंपादन अधिकाऱ्याकडे) द्या. लवादाचा अर्ज त्यासाठी थांबवू नका, बहिणींनाही त्यात अर्जदार करा. जमिनीचा तुकडा पडून उरलेल्या भागाला रस्ता किंवा पाणी राहत नसेल तर 3जी(7) खाली ती नुकसानी नकाशासह त्याच अर्जात मागा. लवादाचा निर्णय पटला नाही तर तो रद्द करण्यासाठी लवाद कायद्याच्या कलम 34 चा अर्ज न्यायालयात, निर्णय हातात पडल्यापासून 3 महिन्यांत. सबळ कारण असेल तर फार तर 30 दिवस जास्त मिळतात, त्यापुढे न्यायालयही मुदत वाढवू शकत नाही.