टोगो आणि बाल्टो
अलास्कातली कुत्र्यांच्या स्लेजची (बर्फावरच्या घसरगाडीची) आयडिटारॉड शर्यत सायबेरियन हस्कीच गाजवतात, असं म्हटलं जातं. आता तसं नाही. अँकरेज ते नोम हे सुमारे १,६०० किलोमीटर आज बहुतेकजण अलास्कन हस्की घेऊन धावतात. ही संकरित कुत्री, रूपापेक्षा वेगासाठी पैदास केलेली. सायबेरियनची सद्दी त्याआधीची. स्लेज हाकणाऱ्या लिओनार्ड सेप्पालाने त्यांच्या जोरावर १९१५ ते १९१७ सलग तीनदा ऑल अलास्का स्वीपस्टेक्स ही स्लेजशर्यत जिंकली. १९२५ मध्ये घटसर्पावरचं औषध (सिरम) टप्प्याटप्प्याने स्लेजवरून नोमला पोचवताना सर्वांत लांबचा टप्पा त्याच्या टोगो या म्होरक्या कुत्र्यानेच पार पाडला, तोही गोठलेल्या नॉर्टन साउंड या खाडीवरून. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा मात्र बाल्टो या कुत्र्याचा, कारण शेवटच्या टप्प्यावर तो होता! गंमत म्हणजे बाल्टोही सेप्पालाच्याच कुत्र्यांपैकी.