बिटकॉइनचं इथर करायचंय, पण मध्ये कुणाच्या ताब्यात न देता – मदत हवी आहे

नमस्कार. डिचोलीहून लिहितेय. माझ्याकडे ०.०४ बिटकॉइन आहेत, स्वतःच्या वॉलेटमध्ये. वॉलेट उघडणारे बारा गुप्त शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवलेत. त्यातले निम्मे इथरमध्ये, म्हणजे इथिरियम नेटवर्कच्या नाण्यात, वळवायचे आहेत. एक्स्चेंजवर टाकून बदलायचा सोपा रस्ता ठाऊक आहे, पण तोच नको आहे. माझा भाऊ तारवटी. जहाजावरच्या दोन कॉन्ट्रॅक्टांची शिल्लक त्याने एका एक्स्चेंजवर ठेवली होती आणि एके दिवशी तिथून पैसे काढणंच बंद झालं. स्क्रीनवर आकडा रोज दिसायचा, हातात काही येत नव्हतं. तो समुद्रावर, नेट तुटक. तक्रारीचे मेल इथून मी लिहायचे. सात महिने लिहिले. ते पुन्हा नको.

महिनाभर वाचून जे कळलं ते मांडते, चुकलं तर सांगा. बिटकॉइनच्या साखळीला (ब्लॉकचेन, सगळ्या व्यवहारांची नोंदवही) इथिरियमवर काय चाललंय ते दिसत नाही, इथिरियमलाही बिटकॉइनचं दिसत नाही. म्हणजे नाणं इकडून तिकडे जातच नाही. इथलं कुणाला तरी द्यायचं, तिथलं त्याच्याकडून घ्यायचं. सगळा घोळ आधी कुणी द्यायचं, याचा.

एका साइटने मला रॅप्ड बिटकॉइन देऊ केलं. ते इथिरियमवरचं टोकन, खरं बिटकॉइन कंपनीच्या तिजोरीत. फिरून तेच. ब्रिजचं, म्हणजे दोन साखळ्या जोडणाऱ्या सेवांचं, वाचलं तर मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजच्या ९ चाव्यांपैकी ५ चाव्या चोरांच्या हाती लागून ६० कोटी डॉलरहून जास्त गेले. त्याच वर्षी वर्महोल आणि नोमॅड हे ब्रिजही लुटले गेले. १९८६ च्या पावसात मांडवीचा पूल कोसळला तेव्हा बाबा पणजीला नोकरीला जायचे. ते अजून पुलावरून जाताना गप्प बसतात. या ब्रिजांबद्दल माझं तसंच झालंय.

राहिला अ‍ॅटॉमिक स्वॅप. मी एक गुपित आकडा निवडते, त्याचा हॅश (त्या आकड्याचा ठसा, ज्यावरून मूळ आकडा ओळखता येत नाही) काढते आणि बिटकॉइनला असं कुलूप लावते की गुपित दाखवील त्याला ते मिळेल. ४८ तासांत कुणी दाखवलं नाही तर मला परत. समोरचा त्याच हॅशचं कुलूप लावून इथर ठेवतो, मुदत २४ तास. मी गुपित दाखवून इथर उचलते, ते साखळीवर उघडं होतं, आणि तेच वापरून तो बिटकॉइन उचलतो. मधे कुणीच नाही! हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकं आवडलं.

पण आमच्याकडे जूनमध्ये वारा सुटला की वीज जाते, मागोमाग टॉवर. गेल्या पावसात तारांवर माड पडला आणि दीड दिवस काही नव्हतं. कुलपं लागल्यावर असं झालं तर माझं काय होईल? दुसरं, थोरचेन या नाणी बदलून देणाऱ्या नेटवर्कला लोक नॉन-कस्टोडियल, म्हणजे नाणी कुणाच्या ताब्यात न जाणारं, म्हणतात, ते खरं का? आणि टॅक्सचं कसं?

म्हादईकाठ:
ताई, समज बरोबर आहे. विजेचा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

गुपित तुमचं आणि ते दाखवण्याआधीच वीज गेली, तर २४ तासांनी तो इथर परत घेईल, ४८ तासांनी तुम्ही बिटकॉइन. फी आणि वेळ गेला, बाकी शाबूत. मात्र परतावा आपोआप येत नसतो, तो व्यवहार तुमच्याच सॉफ्टवेअरने पाठवायचा असतो. त्याचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर हवाच.

खरा धोका उशिरा दाखवण्यात आहे. तेविसाव्या तासाला वीज आली, घाईने गुपित पाठवलंत, आणि ते ब्लॉकमध्ये, म्हणजे साखळीच्या नोंदीत, जाईपर्यंत इथरची मुदत संपली. तो इथर परत घेईल, शिवाय तुमचं गुपित वाचून बिटकॉइनही उचलेल. म्हणून आधीच ठरवा, इथरच्या २४ तासांतली निम्मी मुदत उलटली की दाखवायचं नाही, परतावा घ्यायचा.

समोरच्याने सुरुवात केली असेल तर सगळं उलटं. गुपित त्याचं, लांब मुदतही त्याची. त्याने तुमचं नाणं उचललं की उरलेल्या वेळात तुम्ही ऑनलाइन यायलाच हवं, नाहीतर दोन्ही त्याचं. पावसात ही बाजू घेऊ नका.

आणि माणूस मिळणं कठीण. सुरुवात करणारा भाव बघून मागे हटू शकतो, म्हणून समोरचा त्याची भरपाई दरात काढतो.

कुळागर:
थोरचेनबद्दल: अर्धं खरं. तुम्ही बिटकॉइन थोरचेनच्या व्हॉल्टला (सामायिक तिजोरीला) पाठवता, सोबत मेमोमध्ये, म्हणजे व्यवहाराला जोडलेल्या टिपणात, कुठलं नाणं, कुठल्या पत्त्यावर, कमीत कमी किती. मधे रून हे थोरचेनचं स्वतःचं नाणं धरून नाण्यांच्या सामायिक साठ्यात सौदा होतो आणि इथिरियमच्या व्हॉल्टमधून खरं इथर येतं. तेवढ्या वेळात नाणी एका कंपनीकडे नसतात, पण तुमच्याकडेही नसतात. चावीचे तुकडे नेटवर्क चालवणाऱ्या अनेक नोड्सकडे असतात, त्यांनी रून तारण ठेवलेलं असतं. जुलै २०२१ मध्ये तिथेही दोनदा चोरी झाली.

व्हॉल्टचा पत्ता बदलत राहतो, जुना लिहून ठेवलेला वापरू नका. मेमोत किमान रक्कम असू द्या. शोधात जाहिरात म्हणून वर येणारी साइट उघडू नका. आणि या धाग्यामुळे कुणी खाजगी निरोपात मदतीला येऊन बारा शब्द मागितले तर तो चोर आहे.

एक गोष्ट अजून. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून चोरलेल्या इथरचा मोठा भाग याच वाटेने बिटकॉइन झाला. उद्या तुम्ही विकायला गेलात तर हे कुठून आलं, असं विचारतील. दोन्ही साखळ्यांवरचे व्यवहार क्रमांक जपा.

म्हापशेकर:
अकाउंट्सचं काम करतो. नाणं देऊन नाणं घेणं हेही हस्तांतरणच, रुपये दिसले नाहीत तरी. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, त्या करावर ४ टक्के सेस. खरेदीची किंमत सोडून काही वजा होत नाही, आणि एकातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. १ टक्का टीडीएस एक्स्चेंज कापतं. इथे कापणारं कुणी नाही, समोरचा कोण तेही ठाऊक नाही. हे सीएला आधी विचारा बाय, स्वॅप झाल्यावर नको.

धागाकर्ती:
तिघांचेही मनापासून आभार. सीएंना भेटून आले, मग काल दुपारी ऊन असताना ०.००२ बिटकॉइन थोरचेनने बदलून पाहिले. ब्लॉक दहा मिनिटांचा म्हणतात, माझा चाळीस मिनिटांनी आला, आणि ती चाळीस मिनिटं मी खुर्चीतून उठले नाही. इथर आलं. रक्कम लहान असल्याने फी बरीच वाटली. दोन्ही क्रमांक आणि त्या वेळचा रुपयातला भाव वहीत लिहिलाय.

उरलेले अ‍ॅटॉमिक स्वॅपने, सुरुवात माझी, निम्म्या मुदतीचा नियम पाळून. भाऊ चवथीला घरी येतोय. त्याच्या शेजारी बसून, इन्व्हर्टर भरून ठेवून करीन.